नव्वद दिवसांची हजेरी कोण मांडणार?

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाथरूमची भिंत पार ओली झाली, खालच्या काकूंनी दोनदा मला त्यांच्या घरी नेऊन छतावरचा डाग दाखवला, तिसऱ्यांदा दाखवायच्या आत म्हटलं आता काम काढूया. तर सकाळी आठला वारज्याकडच्या मजूर अड्ड्यावर गेलो. गाडी स्टँडला लावायच्या आधीच दहाजण भोवती. काय काम आहे, किती दिवसाचं, माल तुमचा की आमचा. एक गवंडी ठरला, त्याने लगेच मागे बघून एका वयस्कर माणसाला हाक मारली, ते बिगारी. बिगारी म्हणजे माल कालवणारा, घमेली वाहणारा, रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, जिन्यावरून खाली नेणारा माणूस. तीन दिवसांचं काम, हजेरी रोजच्या रोज संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशी पैसे देऊन झाल्यावर त्या मामांनी आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घडी घातलेला एक छापील कागद. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, त्याचा तो नमुना. "ह्यावर एक सही पाहिजे होती दादा." मी म्हटलं, मामा तुम्ही माझ्याकडे तीनच दिवस होतात. ते म्हणाले, "मग एकाकडं नव्वद दिवस काम कुठं मिळतंय?"

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे मोडून केलेल्या, आणि सगळीकडे "असंघटित कामगारांना सामाजिक सुरक्षा" अशा बातम्या झळकल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण दोन दिवस वाद चालला. अर्ध्या लोकांचं म्हणणं फार छान झालं, अर्ध्यांचं म्हणणं आता कंपन्या मोकाट सुटणार. मला मात्र तो कागद आठवत होता. मुळात हे असंघटित प्रकरण काय आहे ते नीट कळल्याशिवाय संहितेने काय बदलणार हे सांगणं अवघड आहे, म्हणून हा लेख.

असंघटित म्हणजे गोंधळ नव्हे

हा शब्दच जरा फसवा आहे. अड्ड्यावर एक दिवस नुसतं उभं राहून बघा. रंगवाले एका बाजूला, फरशीवाले दुसऱ्या बाजूला, नवीन माणूस आला आणि त्याने भाव पाडला तर बाकीचे त्याला दोन मिनिटांत वठणीवर आणतात. कोणाच्या गावची टोळी कुठे उभी राहते हे ठरलेलं. कोण उचल घेऊन पळतो, कोणता ठेकेदार पैसे बुडवतो, हे सगळ्यांना पाठ. म्हणजे संघटन भरपूर आहे, कागद नाहीये.

माझी कसोटी एकदम साधी आहे. ताप आला, खाडा पडला, तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का? आणि उद्यापासून येऊ नको म्हटलं तर दाद मागायला हातात काही लेखी आहे का? म्हातारपणासाठी पीएफ, दवाखान्यासाठी ईएसआय, यातलं काही आहे का? सगळ्याचं उत्तर नाही असेल तर ते काम असंघटित. बास, एवढीच व्याख्या पुरे आहे.

आता ही कसोटी आजूबाजूला लावून बघा. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाला, धुण्याभांड्याच्या ताई हे तर आलेच. पण आयटी पार्कच्या गेटवर कडक युनिफॉर्ममध्ये उभा असलेला गार्ड, एसी ऑफिसातला हाउसकीपिंगचा मुलगा, खासगी क्लासमध्ये तासावर शिकवणारे एम.एस्सी. झालेले सर, यांचं काय? इमारत काचेची, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, तरी त्या माणसाचं काम असंघटित असू शकतं. सरकारच्याच श्रमशक्ती सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतंय की शेती सोडून महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या लोकांतसुद्धा निम्म्याहून जास्त जणांकडे लेखी करार नाही. लोक समजतात असंघटित म्हणजे फक्त फुटपाथ. तसं नाहीये ते.

आकडा किती मोठा? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार जगातले सुमारे २०० कोटी लोक असं काम करतात, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के. भारतात शेती धरून दहातले साधारण नऊ. म्हणजे ज्याला आपण "नॉर्मल नोकरी" म्हणतो, महिन्याला स्लिप, वर्षाला रजा, ती आपल्या देशात अपवाद आहे.

मग बेरोजगारीचा आकडा इतका कमी कसा काय?

हा प्रश्न बरोबर आहे. बातमीत बेरोजगारी अमुक टक्के, एकेरी आकडा, आणि इकडे अड्ड्यावर दुपारी बारापर्यंत निम्मे लोक तसेच उभे.

त्याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. आठवड्याच्या हिशोबाने मोजतात तेव्हा मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल तर तो माणूस रोजगारात धरला जातो. ही काही आपल्या सरकारची चलाखी नाही, जगभर साधारण अशीच रीत आहे. पण ती रीत जिथे लोकांना महिन्याचा पगार असतो अशा देशांना शोभते. तिथे नोकरी गेली की भत्ता मिळतो, माणूस घरी बसून दुसरी शोधतो, तो बेरोजगार. इथे घरी बसायचं कोणाच्या जिवावर? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारा मुलगा बेरोजगार "राहू शकतो", कारण गावाकडून बाप पैसे पाठवतोय. बिगारी मामांना बेरोजगार राहणं परवडत नाही, ते दोन दिवस काम नाही मिळालं तर तिसऱ्या दिवशी निम्म्या हजेरीवर जातात किंवा कोणाचा तरी टेम्पो खाली करतात. म्हणून गरिबाची बेरोजगारी बेरोजगारीच्या आकड्यात दिसत नाही, ती कमी कमाईत आणि खाड्यात दिसते.

हे सगळं आपोआप संपणार होतं ना?

विद्वानांना खरंच तसं वाटायचं. गावातला माणूस शहरात येणार, थोडे दिवस पडेल ते काम करणार, मग कारखान्यात लागणार. १९७१ मध्ये कीथ हार्ट नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने घानाच्या आक्रा शहरातल्या गरीब वस्तीतला अभ्यास मांडला आणि म्हटलं की हे लोक रिकामे बसलेले नाहीत, ढीगभर काम करतायत, फक्त ते तुमच्या वहीत नाही. पुढच्या वर्षी श्रम संघटनेच्या केनियावरच्या अहवालाने हीच कल्पना जगभर नेली. केनियात अशा कामाला "जुआ काली" म्हणतात, स्वाहिलीत त्याचा अर्थ कडक ऊन. उन्हात बसून पत्रा ठोकणारे, सायकली दुरुस्त करणारे. आपल्या अड्ड्यालाही ते नाव चालेल.

मुंबईत तर गाडी उलटीच गेली. गिरणीत काम म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, बोनस, पोराला चिकटवायची आशा. (तिथेही "बदली" कामगार होतेच, रोज सकाळी गेटवर उभे, कायमवाला आला नाही तर आत घेणार, म्हणजे गिरणीच्या दारातच एक छोटा मजूर अड्डा.) १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. कापड विणणं काही थांबलं नाही. ते भिवंडीसारख्या ठिकाणी पॉवरलूमवर गेलं जिथे मीटरवर पैसे आणि बाकी शून्य. गिरणगावातल्या किती घरांत मग आईने खानावळ काढली, बापाने वडापावची गाडी लावली किंवा वॉचमनची ड्युटी धरली. म्हणजे संघटित कामातून असंघटित कामात, एका पिढीत.

"टॅक्स चुकवायचा असतो म्हणून नोंदणी करत नाहीत"

हे वाक्य मी एका सीए मित्राकडून ऐकलंय, आणि काही धंद्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. वीस कामगारांवर पीएफ लागतो म्हणून कागदावर एकोणीसच दाखवणारे आहेत. पण ते झाले मालक. मजुराच्या किंवा हातगाडीवाल्याच्या बाबतीत हे लागू पडत नाही. एक तर बहुतेकांची कमाई इन्कम टॅक्सच्या मर्यादेच्या खूप खाली. दुसरं म्हणजे मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी त्यांनाही तितकाच जातो जितका तुम्हा-आम्हाला, आणि गाडीवाला वर रोजची पावती नाहीतर हप्ता देतो तो वेगळाच.

उलट नोंदणी नसणं महागात पडतं. बँक दारात उभं करत नाही म्हणून सकाळी ९०० घ्यायचे आणि संध्याकाळी १००० परत करायचे, असा फेरीवाल्यांमध्ये व्यवहार चालतो. शंभरच रुपये ना, असं वाटेल. पण एका दिवसाचं ११ टक्के व्याज झालं हे. आपण होम लोनच्या पाव टक्क्यासाठी बँक बदलतो. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी आलेल्या स्वनिधी योजनेतलं पहिलं १० हजारांचं कर्ज म्हणूनच कामाचं होतं, रक्कम छोटी पण सावकार एक पायरी मागे गेला.

आणि नोंदणी करायची म्हटलं तरी सोपी असते का? १९८० च्या दशकात पेरूच्या लिमा शहरात अर्थतज्ज्ञ एर्नान्दो दे सोतो यांच्या लोकांनी मुद्दाम प्रयोग म्हणून छोटासा शिवणकामाचा कारखाना कायदेशीर नोंदवून बघितला. लागले २८९ दिवस. आपल्याकडे २०१४ च्या फेरीवाला कायद्यात लिहिलंय की शहरात फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होईल, त्यांना प्रमाणपत्र मिळेल, आणि जी समिती हे ठरवेल तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असतील. कायदा वाचताना अगदी छान वाटतं. मग कुठल्याही स्टेशनबाहेर अतिक्रमणची गाडी आली की टोपल्या उचलून पळणाऱ्या बायका बघायच्या.

ई-श्रम कार्ड काढलं की झालं ना?

ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची नोंदणी करणारं केंद्राचं पोर्टल. ऑगस्ट २०२१ मध्ये ते सुरू झालं आणि ३० कोटींहून जास्त लोकांनी नाव घातलं. लॉकडाऊनमध्ये लोक पायी गावी निघाले तेव्हा सरकारकडे त्यांची यादीच नव्हती, त्या धक्क्यातून आलेली ही गोष्ट, आणि यादी असणं चांगलंच आहे. पण यादीत नाव म्हणजे हक्क नव्हे. रेशनिंगच्या रांगेचं टोकन मिळालं आणि दुकानात धान्यच नाही, तसं काहीसं. पीएफमध्ये पैसे येतात कारण दर महिन्याला एक मालक ठरावीक रक्कम भरतो. ई-श्रममध्ये कोणी भरायची? कार्डावर मामांचं नाव आहे, मालकाचा रकानाच नाही.

इथे आपण खऱ्या गाठीशी आलो. जुने सगळे कामगार कायदे असं धरून चालतात की एक कामगार आणि एक मालक, दोघं एकाच छताखाली. मालक रोज बदलला की कायद्याला काही सुचत नाही. १९७२ मध्ये इला भट्ट अहमदाबादेत स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या बायकांच्या "सेवा"ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या तेव्हा आधी नकारच मिळाला होता, कारण काय तर या बायकांना मालकच नाही, मग भांडणार कोणाशी?

हमालांनी काढलेला तोडगा

गंमत म्हणजे याचं एक उत्तर महाराष्ट्रात ५० वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि आपल्याला ते फक्त मोर्च्याच्या बातमीतून माहीत असतं. माथाडी कायदा, १९६९.

बाजारातला हमाल बघा. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक खाली करतो, दुपारी दुसऱ्याचा. मालक कोण? कोणीच नाही, किंवा सगळेच. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि त्यातून जे निघालं ते आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे. चाळीस फ्लॅटचा वॉचमन एका कोणाचा नोकर नसतो, पण चाळीस जण सोसायटीच्या खात्यात पैसे भरतात आणि पगार सोसायटी देते. माथाडी मंडळ म्हणजे व्यापाऱ्यांची अशी सोसायटी, फक्त कायद्याने केलेली, आणि मंडळात सरकार, मालक, कामगार तिघेही. व्यापारी नोंद करतो, टोळी नोंद करते, ज्याने जेवढं काम करून घेतलं तेवढी हमाली तो मंडळात भरतो आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ हमालाला पगार देतं, आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी सुट्टी, दवाखाना. मालक दिवसाला पाच बदलले तरी हमालाचं खातं एकच. १९८१ मध्ये हाच साचा घेऊन महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला.

आता तुम्ही म्हणाल, माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते त्याचं काय? चालते, खोटं कशाला बोलायचं. औद्योगिक पट्ट्यात गाडी आली की चारजण येऊन उभे राहतात, मालाला हात न लावता पैसे मागतात, खरे माथाडीसुद्धा यांच्या नावाने बोटं मोडतात. पण बनावट नोटा निघतात म्हणून आपण नोटा बंद करत नाही. (हे उदाहरण जरा चुकलं असेल, २०१६ आठवलं कोणाला तर.)

कचरा वेचणाऱ्या बायकांनी पुण्यात थोडा वेगळा रस्ता काढला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ पासून "स्वच्छ" ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते, पैसे दर घराकडून. पगारदार नोकर नाही झाल्या, पण "चोर आली" म्हणून कुत्रं अंगावर सोडायचे ते थांबलं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना महिन्याचे ठरलेले पैसे द्यायला कुरकुर करणारे फ्लॅटवाले मात्र अजून आहेत.

मग बांधकाम मजुराचं घोडं कुठे अडलं?

कायदा तर त्यांच्यासाठीही होता, १९९६ चा, आता तो नव्या संहितांमध्ये गेलाय. बांधकामाच्या खर्चावर सेस, म्हणजे उपकर, लागतो, महाराष्ट्रात १ टक्का, तो मंडळात जमा होतो आणि त्यातून मजुरांना मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, अपघात वगैरे. पैसा नाही असंही नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर देशभराचा हिशोब आला तेव्हा ३७ हजार कोटींपेक्षा जास्त सेस गोळा झालेला होता आणि खर्च साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. कोर्टाने सरकारांना चांगलंच सुनावलं होतं.

दोन मंडळांमधला फरक नीट बघा, सगळी मेख इथे आहे. माथाडी मंडळ स्वतः पगार वाटतं, त्यामुळे कोण किती दिवस कामावर होता हे मंडळाला आपोआप कळतं, हजेरी तेच मांडतं. बांधकाम मंडळ बिल्डरकडून टक्का घेतं, पण मजूर कोण हे त्याला माहीत नाही. म्हणून ते मजुरालाच सांगतं, तू तुझी हजेरी सिद्ध करून आण. आणि त्याच्याकडे तर रोज नवा मालक. माझ्यासारख्या तीन-तीन दिवसांच्या मालकांकडून ९० दिवस भरायचे म्हणजे तीस लोकांच्या मागे फिरायचं, त्यातले निम्मे दार उघडणार नाहीत. माझं बाथरूम तर त्या कायद्यात धरलंच नव्हतं, स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांच्या आतलं काम त्यातून वगळलेलं. म्हणजे मी कागदावर मालकसुद्धा नाही.

ॲपवाल्यांचं उलटं आहे

जेवण पोचवणाऱ्या मुलाची हजेरी मांडायची अडचणच नाही. तो किती वाजता लॉगिन झाला, कुठल्या सिग्नलला थांबला, किती ऑर्डरी नाकारल्या, सगळं कंपनीला मिनिटागणिक माहीत. तिथे वही आहे पण मालक म्हणतो मी मालक नाही, हा माझा "पार्टनर". असा पार्टनर ज्याला भाव ठरवता येत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदा या लोकांना कायद्यात नाव दिलं आणि कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम भरायची जबाबदारी टाकली, पण कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. मला विचाराल तर कल्पना माथाडी लेव्हीचीच आहे, ज्याने काम करून घेतलं त्याने टक्का भरावा. पगारी सुट्टी, किमान कमाई हे त्यात नाही, त्यामुळे लेव्हीचा धाकटा भाऊ म्हणूया.

सगळ्यांना पर्मनंट का करत नाही मग?

कारण काही कामं मुळातच तुकड्यातुकड्यांची आहेत. मला गवंडी वर्षातून तीन दिवस लागतो, त्याला मी पर्मनंट कसा करू? जिथे काम बारा महिने चालतं, गार्ड, हाउसकीपिंग, महापालिकेची सफाई, तिथे कंत्राटाचं निमित्त मला पटत नाही, तिथे सरळ नोकरीच हवी. पण अड्ड्यावरच्या माणसाला नोकरी नको, हजेरी जमा होणारं खातं हवंय.

नव्या संहितांमध्ये नियुक्तीपत्र द्यायची सक्ती आहे, किमान वेतन ठरावीक धंद्यांपुरतं न ठेवता सगळ्यांना लागू केलंय. कागदावर चांगलं आहे. कारखान्यात, ऑफिसात, जिथे पत्र द्यायला कोणीतरी एचआर बसलाय, तिथे फरक पडेल. गार्डने पत्र मागितलं तर एजन्सीला आता टोलवाटोलवी अवघड जाईल. पण बिगारी मामांना नियुक्तीपत्र कोण देणार? सकाळी आठला गाडीवर आलेला माणूस?

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगतो. छापील कागदावर ९० दिवसांची सही नाही केली, खोटं लिहायला हात धजला नाही. आता वाटतं फार मोठं सत्य जपलं असंही नाही, कारण गवंड्याने लगेच सांगितलं की एजंट पैसे घेऊन हाच दाखला आणून देतो. मी वहीचं एक पान फाडलं, तीन तारखा लिहिल्या, काम काय केलं ते लिहिलं, पत्ता टाकून सही केली. मामांनी ते वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फोन नंबर पण टाका दादा. कोणी विचारलं तर."

नंबर टाकला. त्यांनी घडी घालून तो कागद छापील फॉर्मसोबत त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि घमेलं उचलून खाली गेले. खालच्या काकूंच्या छतावरचा डाग आता वाळलाय, त्या नंबरवर मात्र अजून कोणाचा फोन आलेला नाही.